पंपाची घरघर
कपाशीवरच्या फवारणीचा उग्र वास आला की रोहणा गावातली ती सभा आठवते. औषधाचं प्रमाण काढून देणारं माझं मोफत ॲप मी तिथं दाखवत होतो. माझ्यासोबत आलेले कृषी महाविद्यालयाचे प्राध्यापक म्हणाले, "याचा कोड सगळ्यांना खुला आहे. कोणीही तपासू शकतो, मग भीती कसली?" गावात औषधं विकणारे कृषी केंद्रवाले म्हणाले, "म्हणजे कोणीबी बदलू शकते." मागून एक बाई उठली. "माहा नवरा आत्ता याच हिशोबानं फवारून राह्यला. तपासलं कोणी, ते सांगा." माझ्याशिवाय तो कोड कोणी उघडलाच नव्हता. शेजारच्या वावरातून येणारी फवारणी पंपाची घरघर तेवढ्यात थांबली. बाई धावली, तिच्यामागे मी. तिचा नवरा बांधावर धडधाकट उभा राहून पंपाच्या टाकीत पाणी ओतत होता. तरी अजूनही, वास आला की मी श्वास रोखून आधी पंपाचा आवाज शोधतो.