पोत्यांशेजारची खोली

“बापू, कालवरी माझं घर पयल्या नंबरवर होतं. आज सापडूनच नाही राहिलं. काऊन गा?”

फोनवर नवेगाव बांधच्या डोंगरवारकाकू होत्या. साल २०१२. मी गोंदियाजवळच्या कुडव्यात घरूनच वेबसाइट बनवायचो. काकूंनी तलावाजवळच्या घरातल्या तीन खोल्या पक्षी बघायला येणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली होती. त्यांचे दीर मधुकरभाऊ यांना हे पटत नव्हतं. त्यांनी मुदतच दिली होती: या हिवाळ्यात खोल्या पाहुण्यांनी भरल्या नाहीत, तर धानानं भरतील.

आदल्या दिवसापर्यंत मी फार हुशार होतो. काकूंकडे राहून गेलेले फोटोग्राफर ब्लॉग लिहायचे आणि काकूंच्या साइटची लिंक द्यायचे. पण लिंकवर शब्द काय? ‘इथे क्लिक करा’. ज्या शब्दांवर आपण क्लिक करतो त्यांना आमच्या धंद्यात अँकर टेक्स्ट म्हणतात. पलीकडचं पान कशाबद्दल आहे, हे सर्च इंजिन बरंचसं त्यावरून ठरवतं. ‘इथे क्लिक करा’वरून त्याला काय कळणार, कप्पाळ?

म्हणून मी पाहुण्यांच्या वहीतून ईमेल काढले आणि सगळ्यांना एकच मेल टाकला. लिंकवर ‘नवेगाव बांध बेस्ट हॉटेल’ असंच लिहा, अक्षरही बदलू नका. माणसं भली, काकूंच्या हातची मासळी खाल्लेली. सगळ्यांनी ऐकलं. तीन आठवड्यांत साइट पहिल्या नंबरवर गेली आणि नागपूरहून फोन सुरू झाले. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

आता शोधलं तर साइट नवव्या पानावर. नवव्या पानावर कोणी जात नाही, साइट बनवणारासुद्धा.

कारण कळायला वेळ लागला नाही. कोर्टात सगळे साक्षीदार एकच वाक्य शब्दन् शब्द बोलले, तर जजला कळतंच की कोणीतरी पढवलंय. सर्च इंजिनलाही कळलं होतं.

“काकू, चूक माझी आहे,” मी सांगितलं.

“चूक तुयी, अन् पोते माह्या खोलीत.”

आठवड्याभरानं गाडी काढून गेलो, तर एक खोली खरंच निम्मी भरली होती. मधुकरभाऊ दारात उभे होते.

“तुमचं इंटरनेट झालं ना जी? आता आमचं धान ठेवून राहिलो.”

लाज वाटली. काकूंनी चहा दिला. त्यानं आणखी लाज वाटली.

घरी येऊन दुसरा मेल लिहिला. मागचा विसरा, लिंकवर तुम्हाला वाटेल ते लिहा. काकूंना फोन करून तसं सांगितलंही.

“वाटेल ते लिवतील तं?”

लिहिलंच. एकानं लिहिलं, ‘बाथरूम अंगणात, तलाव दारात’. दुसऱ्यानं, ‘झिंगेवाल्या काकू’. पुण्याच्या एक निवृत्त बाई त्याच निम्म्या खोलीत दोन रात्री राहून गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं, ‘धानाच्या पोत्यांशेजारची खोली’. काढून टाका म्हणायला मेल उघडला, पण दुसऱ्यांदा पढवायची हिंमत झाली नाही.

डिसेंबर कोरडाच गेला. जानेवारीत साइट पान पान करत वर आली आणि पुन्हा फोन वाजू लागले. लोक बेस्ट हॉटेल मागतच नव्हते. विचारत होते, ती पोत्यांची खोली रिकामी आहे का? नव्या धानाचा वास येतो म्हणे. बाकीच्या दोन खोल्या तिच्या जोडीनं भरल्या.

फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा अंगणात ट्रॅक्टर उभा होता. धान मिलला निघालं होतं. मधुकरभाऊ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पोते राहू देतो जी. आत भुसा भरून ठेवतो. पाहुने कायले उघडून पाहून राहिले?”

रँकिंगचं शास्त्र मला शिकायला चार वर्षं लागली होती. भाऊंना एका हिवाळ्यात आलं.

काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलंच.

“भुसा नको, भाऊजी. दहा पोते धानच राहू द्या. असली हुशारी बापूनं एक डाव केली, तेवढी पुरे.”