बर्फावर नारळ

योगिनी गायखेला गप्प बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. नाशिक रोडला प्रेसच्या कॉलनीत ती वाढली. वडील नोटांच्या छापखान्यात, आणि ही दिवसभर सिमेंटच्या कोर्टावर, पायात चार चाकांचे स्केट्स. राज्यपातळीवर खेळली, मग लग्न झालं आणि सासूबाईंनी ते स्केट्स माळ्यावर टाकले. बऱ्याच वर्षांनी तिनेच शिडी लावून ते खाली काढले आणि मुलींना शिकवायला लागली. नोकरी म्हणाल तर शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका. ‘बाई फार बोलतात’ असं प्रत्येक मुख्याध्यापक म्हणाला, आणि ते काही खोटं नाही.

यंदा जिल्ह्यात शाळकरी मुलामुलींची पहिली आइस हॉकी लीग झाली. हसू नका, खरंच झाली. निफाडजवळ सोमनाथ अण्णांचं शीतगृह आहे. त्यात मटार गोठवायची एक भली मोठी खोली, आणि हंगाम सुरू होईपर्यंत ती रिकामीच पडलेली असते. योगिनीने अण्णांच्या मागे भुणभुण लावून ती मिळवली, आणि लीगचे अध्यक्ष ओघानेच अण्णा झाले. फरशीवर पाणी सोडलं, यंत्रं लावली, बर्फ धरला. चाकांवर शिकलेल्या पोरी पात्यांच्या स्केट्सवर आधी धपाधप आपटल्या. दिवाळीपर्यंत सुसाट धावायला लागल्या.

योगिनीचा संघ एकलहऱ्याचा, वीज केंद्रातल्या कामगारांच्या मुली. गोलकीपर हर्षाली, भावाचे क्रिकेटचे पॅड बांधून उभी राहणारी. हा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला. समोर निफाडच्या मुली. सामना रविवारी, आणि सोमवारी पहाटे मटाराच्या गाड्या लागणार. म्हणजे रविवारी खेळल्या तर खेळल्या, नाहीतर वर्ष गेलं. हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर राग येतो.

मुलांचा अंतिम सामना सकाळी वेळेवर उरकला. मुलींचा दुपारी दोनला होता, पण पाहुणे नेमके त्यालाच बोलावलेले, कारण मुलींबरोबर फोटो चांगला येतो. हे पाहुणे साहेब आले चारला. तोवर दोन्ही संघ स्केट्स काढून दारात उभे. हातात औक्षणाची ताटं आणि तोंडी स्वागतगीत.

“मुलांना का नाही गायला लावलंत?” योगिनीने विचारलं.

“अहो मॅडम, पोरांना कुठं जमतंय!” अण्णा हसले.

“माझ्या पोरींनाही जमत नाही. त्यांना गोल अडवायला जमतं.”

मग उद्घाटन. लीग संपायच्या दिवशी उद्घाटन! साहेबांना थंडी वाजू नये म्हणून खोलीची दोन्ही दारं सताड उघडी. बर्फावर लाल गालिचा, गालिच्यावर खुर्च्या, खुर्च्यांपुढे पेटलेली समई. कुणाला तरी मैदानाच्या पूजेची आठवण झाली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू उधळला. नारळ फोडायला दगड सापडेना, तर अण्णांनी तो बर्फावरच हाणला. बर्फाला हातभर तडा गेला, नारळ शाबूत. पुन्हा हाणला. शेवटी फुटला, आणि पाणी, शेंड्या, करवंटीचे तुकडे सगळं गोलच्या तोंडाशी सांडलं. त्यानंतर साहेब खेळ आणि संस्कार यावर बोलले. बोलले म्हणजे बोलतच राहिले. खाली बर्फाचा चिखल होत होता.

अण्णांनी माइक घेतला. “बर्फाची अवस्था पाहता दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर करतो. सगळ्या आपल्याच लेकी!”

टाळ्या पडल्या. हर्षाली पॅड बांधून कोपऱ्यात उभी होती. “मॅडम, म्हणजे खेळायचंच नाही?”

योगिनी तरातरा पुढे गेली. “अण्णा, मुलांना संयुक्त दिलंत?”

“त्यांचा बर्फ चांगला होता.”

“मग आमचा कुणी खाल्ला?”

“मॅडम, पाहुण्यांसमोर शोभत नाही हे.”

“उठा साहेब,” तिने गालिच्याचं टोक धरलं. “खुर्चीसकट ओढलं तर तुम्हालाच लागेल.”

साहेब उठले. गालिचा बर्फाला चिकटला होता, तो दोन्ही संघांनी मिळून सोलून काढला. शेंड्या खराट्याने झाडल्या, कुंकू शीतगृहातल्या पॅकिंगवाल्या बायकांनी खरवडलं. योगिनीने सगळ्यांना बाहेर काढून दारं लावली.

“चंदर, यंत्र पूर्ण सोड.”

“लय वेळ लागंल मॅडम,” यंत्रावरचा चंदर म्हणाला. “आन् अण्णा बोलतील.”

“ते मला बोलतील. तू सोड.”

बर्फावर पाण्याचा पातळ थर सोडला, तडा त्याने पुरता बुजला नाही, आणि सगळे वाट पाहत बसले. साहेबांची गाडी केव्हाच गेली होती. पोरींनी त्या नारळाचं खोबरं वाटून खाल्लं. दिवेलागण झाल्यावर सामना लागला. पोरींच्या आयांना आत घेतलं, भाषणवाल्यांना नाही. अण्णा स्वतःच्याच शीतगृहाच्या दारावर थापा मारत राहिले.

पोरी जीव तोडून खेळल्या. एक-एक अशी बरोबरी. शेवटच्या मिनिटाला निफाडच्या मुलीने फटका मारला. ती काळी रबरी चकती सरळ येत होती, नारळाच्या तड्यावर उडाली आणि हर्षालीच्या पायाजवळून आत गेली.

निफाड जिंकलं. त्या पोरींनी एवढा आरडाओरडा केला की थापा ऐकू येईनात.

दार उघडल्यावर अण्णांना राहवलं नाही. “काय मिळवलंत? संयुक्त घेतलं असतं तर तुमच्याही हातात चषक असता.”

“पुढच्या वर्षी दगड मी घरून आणणार आहे,” योगिनी म्हणाली. “तो दाराबाहेर ठेवायचा. नारळही बाहेर, भाषणंही बाहेर.”

“पुढच्या वर्षी खोली देतोय कोण?”

“तुम्हीच. उद्यापासून रोज येते मागायला.”

अण्णा चषक घेऊन निफाडच्या पोरींकडे वळले. तिची भुणभुण त्यांनी एकदा सोसली होती.

हर्षाली पॅड सोडत हुंदके देत होती. “मॅडम, तो तडा...”

“तडा मला दिसला. तू कुठे होतीस? उजवीकडे सरकायला उशीर केलास.” योगिनीने तिच्या पॅडला चिकटलेली नारळाची शेंडी उपटून फेकली. “नाक पूस. आणि मंगळवारी कोर्टावर वेळेवर ये.”