निवगरीची रास

माझ्या आत्यासमोर ज्यानं एकदा घास घेतला, त्याची कुंडली मांडायला ब्रह्मदेवाचीही गरज उरत नाही. बिरवाडीत ती कंपनीतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं देते आणि आधारकार्डाच्या आधी रास विचारते. मेषेच्या माणसाला दहीभात, कारण तो मुळातच तापलेला. कन्येच्या माणसापुढचा मोदक नीट कळ्यांचा हवा, कारण तो खाण्याआधी त्या मोजणार. मी मिथुन. दिवाळीत माझी करंजी ती आधी कानाशी नेऊन हलवते आणि खुळखुळली की म्हणते, "ही तुझी रे. आत सारन कमी, आवाज जास्ती." एका परप्रांतीय भाडेकरूला रासच माहीत नव्हती. त्याला मोमो आवडतात हे कळल्यावर तिनं एक चाखून पाहिला. "ह्यो तर गूळ घालाया विसरलेला मोदक! मीन रास. विसरभोळा असनार." त्याच आठवड्यात तो किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप दाबून मोकळा झाला आणि आत्याची कीर्ती पार महाडच्या एसटी स्टँडपर्यंत गेली.

खरी पंचाईत झाली ती तिच्या लेकीचं लग्न ठरायच्या वेळी. मुलगा पोलादपूरचा, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, आणि माझ्या आतेबहिणीला मनापासून आवडलेला. पत्रिका जुळली होती, रास सिंह. तो घरी आला तेव्हा आत्यानं त्याच्या ताटाच्या मधोमध केशर लावलेला थोरला मोदक मांडला. सिंहेचा माणूस दुसरीकडे बघणारसुद्धा नाही, असं तिनं आम्हाला बजावूनच ठेवलं होतं. पठ्ठ्यानं कडेची निवगरी उचलली! निवगरी म्हणजे मोदक करून उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून थापायची आणि वाफवायची. आत्याच्या बारा राशींत तिला जागाच नव्हती. आत्या तरातरा स्वयंपाकघरात आली. "पत्रिका खोटी हाय. लगीन होनार नाय."

बहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आये, मोदक नाय खाल्लान म्हनून मोडतेस?"

शेवटी मीच बाहेर जाऊन त्याला विचारलं. तो बिचारा कानकोंडा झाला. "आमची आई समद्यांना मोदक वाढते न् सोता चुलीपाशी निवगरी खाते. तिच्या वाट्याला काय येतं ते बघाया मी पयली तीच घेतो. सवय लागली."

दाराआडून आत्यानं हे ऐकलं. मग बाहेर आली ती तुपाची वाटी घेऊन, आणि थोरला मोदक त्याच्या पुढ्यात सरकवत म्हणाली, "जन्मवेळ चुकली असंल. लगीन चुकाया नको."

लेक आता पोलादपुरात नांदते. आत्या हल्ली आधी निवगऱ्या थापते आणि उरल्या उकडीचे मोदक वळते. परवा माघी गणपतीला मी गेलो, तर सगळ्यांना वाढून झाल्यावर ती चुलीपाशी निवगरी घेऊन बसलेली. मी विचारलं, "आत्या, तुझी रास कुठली गं?"

"आमच्या जल्माची येळ कोन लिवून ठेवतोय!" ती हसली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, आणि मला फार वाईट वाटलं. मी तिच्या हातातली निवगरी घेतली आणि वर तूप सोडून एक मोदक तिच्यापुढे ठेवला. तिनं तो फोडला, अर्धा खाल्ला आणि अर्ध्यावर वाटी पालथी घातली.

"खा की गं सगळा," मी म्हणालो.

"ऱ्हाऊं दे रे. पोरगी आली तर?"