गुडघ्यांची तांबडी माती

जपानच्या डोंगरातल्या काकेझावा गावात नवरा अळंबीला निघाला की बायकोने चुलीकडे तोंड करून उभं राहायचं, अशी रीत होती. तो पुलाकडे वळला की वरच्या वाटेने गेला हे तिने बघायचं नाही. परत आल्यावर विचारायचं नाही. पाइनच्या मुळाशी उगवणाऱ्या मात्सुताके अळंबीची जागा बापाने मुलालासुद्धा अगदी शेवटी, जीभ चालतेय तोवर सांगायची. बायकोला तर नाहीच. बायको परघरची, तिला भाऊ असतात.

मिसाओचं माहेर तर समुद्राकाठी, कोळ्यांच्या वस्तीत. डोंगरातलं तिला काही ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात नवरा, तोकुजी, पाठीला करंडी बांधून निघाला आणि ती सवयीने दारात उभी राहिली, तेव्हा सासूने तिचे खांदे धरून तिला आत वळवलं.

"सूनबाई, भांड्यात बघ. भात करपला तरी चालेल, मागे वळायचं नाही."

"पण ते कुठे गेले हे कळायला नको?"

"संध्याकाळी येईल ना घरी? मग झालं."

मिसाओ कामाला वाघ होती. उतारावरचं राळं आणि बकव्हीट, दोन तांबूस गाई, थंडीत कोळशाच्या भट्ट्यांची लाकडं, हे सगळं ती वर्षभरात शिकली. भट्टीतून बाहेर आलेल्या तोकुजीचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. ती त्याला दारातच उभा करून आधी अंगावर पाणी ओतायची आणि तो "अगं, गार आहे!" म्हणून ओरडायचा. पुढे गावोगाव गॅस आला, कोळसा कुणी घेईना, भट्ट्या एकामागून एक ढासळल्या. अळंबी मात्र राहिली. कात्सुमीचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, सेंदाई शहरातलं शिक्षण त्या अळंबीवरच झालं.

रीत मिसाओने पाळली. पण पाठ फिरवली तरी कपडे तिलाच धुवायचे होते. काकेझावातली माती काळी, कुजलेल्या पाल्याची. तोकुजीच्या विजारीच्या गुडघ्यांवर मात्र अळंबीच्या दिवसांत तांबडी चिकणमाती असायची, आणि तांबडी माती नदीपलीकडच्या कुमाने डोंगराखेरीज आसपास कुठेच नव्हती. भट्ट्या लिंपायलासुद्धा ती तिथूनच आणत. म्हणजे झालं. लग्नाला तीन वर्षं व्हायच्या आत मिसाओला नवऱ्याची जागा कळली होती.

ती कधी बघायला गेली नाही. तसं करणं म्हणजे चोरीच. पण फळीवर विजार घासताना तिला बरं वाटायचं. नवऱ्याने न सांगता सांगितलेली एक गोष्ट आपल्यापाशी आहे आणि आपण ती जपतो आहोत, एवढंच. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. हे होतं.

एकदाच तिचं तोंड सुटलं. नव्या वर्षाला तिचा भाऊ इसोकिची खारवलेला रावस घेऊन आला होता. दोन पेले पोटात गेल्यावर तो स्वयंपाकघरात येऊन तिला डिवचायला लागला.

"काय गं, एवढी वर्षं राबतेस, आणि मेहुण्यांनी तुला जागा काही सांगितली नाही. मोलकरीणच की तू."

"मोलकरीण तुझी बायको! त्यांचे गुडघे मला सगळं सांगतात."

इसोकिची खो खो हसला आणि बैठकीत जाऊन म्हणाला, "मेहुणे, तुमच्या गुडघ्यांना जरा गप्प बसायला शिकवा. बायकोशी बोलतात म्हणे."

तोकुजीही हसला. त्याने मेहुण्याचा पेला भरला. विषय तिथेच संपला, निदान मिसाओला तसं वाटलं.

वर्षं गेली. कुमानेवरचे पाइन तोडून सरकारने सरळसोट सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, झाडं लावली. दरड कोसळून आगगाडी बंद पडली ती परत सुरू झालीच नाही. शाळा मिटली. गावात चार घरं उरली. मोठ्या लाटेने समुद्राकाठची वस्ती धुऊन नेली, त्यात इसोकिची गेला. मिसाओ दिवसच्या दिवस जेवली नाही, तेव्हा तोकुजी तिच्या शेजारी नुसता बसून राहायचा आणि भात गार झाला की पुन्हा गरम करून आणायचा. त्या शरदातही त्याची विजार धुवायला आली आणि गुडघे तांबडे होते.

तोकुजी शहात्तर वर्षांचा झाला त्या वर्षी ती त्याला म्हणाली, "या खेपेला राहू द्या. तुमचे गुडघे कुरकुरतात, मला इथपर्यंत ऐकू येतं."

"गुडघे माझे, कुरकुर तुझी," तो म्हणाला आणि करंडी पाठीला लावली.

ती शेगडीकडे वळली. दार सरकल्याचा आवाज आला. अंधार पडला तरी तो आला नाही.

शेजारचा झेन्साकू चार माणसं गोळा करून अंगणात आला. अळंबीत तो तोकुजीचा जन्माचा स्पर्धक. दोघं एकमेकांना बघून उलट्या दिशेने चालायला लागायचे आणि गावाबाहेर गेल्यावर रस्ता बदलायचे. आलेल्यांत सगळ्यात तरुण माणूस साठीचा होता.

"वहिनी, नदीच्या अलीकडे की पलीकडे? माणसं एवढीच आहेत. पोलिसांची उद्या येतील. दोन्ही डोंगर नाही व्हायचे."

मिसाओने त्याला स्वयंपाकघरात नेलं. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"कुमाने," ती म्हणाली.

"कुमाने? तिथे तर सुगी लावलीय हो. सुगीखाली कुठली अळंबी?"

"कडेला राहिले असतील चार पाइन."

"नक्की ना?"

"पन्नास वर्षं त्यांची विजार मी धुतेय, भावजी."

झेन्साकूने तिच्याकडे पाहिलं. मग तो कमरेत वाकला. "मी डोळे मिटून शोधेन. अळंबी दिसली तरी मला दिसली नाही."

"आधी माणूस शोधा हो. मग मिटा डोळे."

ते गेले आणि मिसाओने नळ बंद केला. नवऱ्याचं एवढं एकच गुपित, ते त्याच्या वैऱ्याच्या हातात दिलं. आता तो येईल, पाय बीय मोडला असेल, आणि स्ट्रेचरवरूनच ओरडेल. ओरडू दे. काय म्हणायचं ते तिने ठरवूनही ठेवलं: जागा गेली तर गेली, तुम्ही गेला असतात तर मी कुणाची विजार धुवायची? तिने मिसोचं सार करून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, कात्सुमी सेंदाईहून आला. सगळी माणसं कुमानेवर. शिट्ट्या, हाका. दुपारी झेन्साकू बसक्या आवाजाने सांगून गेला की अर्धा डोंगर झाला. संध्याकाळपर्यंत उरलेला अर्धाही झाला. तिसऱ्या सकाळी ते पुन्हा पहिल्यापासून निघाले, कारण तिने सांगितलं होतं. बायकोला माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार?

मिसाओला घरात बसवेना. यांना बघता येत नाही, आपणच जाऊन दाखवू, असं म्हणून ती काठी घेऊन निघाली. पुलाच्या अलीकडे, वरची वाट जिथे खाली उतरते तिथे, त्यांची जुनी कोळशाची भट्टी होती. एका बाजूने ढासळलेली, वर अजून गंजका पत्रा. धाप लागली म्हणून ती तिथे टेकली. पत्र्याखाली, भट्टी लिंपायला कधीकाळी आणलेल्या तांबड्या मातीचा ढीग तसाच होता, पाऊस न लागलेला, जमिनीच्या ओलीने मऊ. त्या ढिगाच्या पुढच्या बाजूला दोन खळगे होते. शेजारी शेजारी, वाटीसारखे, झिजून गुळगुळीत झालेले.

काय आहे ते तिला आधी कळलं नाही. मग डाव्या खळग्यात कापडाचा ठसा दिसला. चौकोनी ठिगळ आणि त्याच्या कडेने टाके, एका कोपऱ्यात दाट. दोरा संपत आला तेव्हा तिने घाईने घातलेले ते टाके होते.

मिसाओने त्यावर हात ठेवला. मग ती उठली आणि पुलाकडे धावली. पंचाहत्तरीची बाई जशी धावेल तशी. "तिकडे नाही!" ती ओरडत होती. "तिकडे नाही हो! अलीकडे! अलीकडचा डोंगर बघा!"

झेन्साकूलाच तो सापडला, दिवस मावळायच्या आत. झेन्साकूच्या स्वतःच्या जागेपासून एका घळीच्या अंतरावर, कातळाच्या पायथ्याशी. पाय मोडला होता. तोकुजीने तो काठी लावून टॉवेलने नीट बांधला होता. भाताचा एक गोळा खाल्ला होता, दुसऱ्याचा अर्धा कागदात गुंडाळून ठेवला होता, पुरवून खायला.

पाय हे कारण नाही, थंडी हे कारण, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्रीची थंडी.

"म्हणजे आदल्या दिवशी सापडले असते तर?" कात्सुमीने विचारलं.

"वाचले असते," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

क्रियाकर्म झालं. माणसं पांगली. कात्सुमी राहिला होता. मिसाओ मुळा सोलत बसली होती, आणि तो तिच्या हाताकडे बघत बोलला.

"आई, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं असेल बाबांनी. कुणी विचारलं तर तुला खोटं बोलायला लागू नये."

"हो."

"खरंच गं. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे."

"दमून आलेला माणूस, कात्सुमी," मिसाओ म्हणाली, "दिवसभर डोंगर चढून आलेला. घर समोर दिसत असताना आधी भट्टीत जायचा, गुडघे टेकायचा, दाबायचा. मग घरी येऊन म्हणायचा, भूक लागली. किती वर्षं? ते खळगे बघितलेस तू?"

कात्सुमीने मुळ्याच्या साली गोळा केल्या.

"मी मामाला एकदा बोलले. थट्टेत, की गुडघे मला सगळं सांगतात. तेव्हापासून हे सुरू झालं असेल. मामाला समुद्राने नेलं. ज्याच्यापासून लपवायचं तो माणूसच उरला नाही. तरी त्या वर्षीही गुडघे तांबडेच होते." तिने सोललेला मुळा पाण्यात टाकला. "माझ्याजवळ बसून भात गरम करून देणारा तोच, आणि हा पण तोच."

"आई, तू माझ्याकडे चल."

"आणि मी कुमाने म्हटलं नसतं तर? नुसतं 'माहीत नाही' म्हटलं असतं, तरी पोलीस आल्यावर माणसं दोन्हीकडे गेली असती. दुसरी कुठलीही बायको माहीत नाही म्हणाली असती. मला माहीत होतं ना."

तो रडायला लागला. तिला रडू आलं नाही. तिने त्याच्यासाठी अंथरूण घातलं आणि सकाळी बसमध्ये खायला डबा करून दिला. ती सेंदाईला गेली नाही.

पुढच्या शरदात झेन्साकू दारात आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"वहिनी, ती जागा तुमच्या घरची. आम्ही कुणी पाय ठेवणार नाही. तुम्हाला एकदा दाखवून ठेवतो."

"मला कशाला? मला कुणी दिली होती ती?"

"दिली नाही, पण आहे तुमचीच. चला. माझंही वय झालं."

ती नाही म्हणणार होती. तरी बूट घातले. वाट उभी होती. शेवटच्या चढावर झेन्साकूचा दम संपला. "सरळ वर, त्या वाकड्या पाइनपाशी," असं म्हणून तो एका मुळावर बसला.

वर अळंबी फुटली होती. पाइनच्या सुया जिथे जिथे किंचित वर उचलल्या गेल्या होत्या, तिथे तिथे ती होती. मिसाओने हात लावला नाही. ती कातळाला वळसा घालून खाली उतरली आणि तोकुजी सापडला होता तिथे, पाठ टेकून बसली.

समोर कुमाने होता. मधे फक्त नदीची घळ. अंगणापलीकडचं घर दिसावं तसा सगळा डोंगर दिसत होता, वरपासून खालपर्यंत. तिथे सुगीची विरळणी चालली होती. नारिंगी टोप्या घातलेली माणसं रांगेने झुडपं बाजूला करत सरकत होती. करवत थांबली की त्यांचं बोलणंसुद्धा ऐकू येत होतं. एकाने चहाची बाटली मागितली. दुसऱ्याने शिवी दिली.

मिसाओने तोंडावर पदर धरावा तसा गळ्यातला टॉवेल दाबून धरला.

म्हणजे त्याने बघितलं होतं. पहिल्या शिट्टीपासून. आपल्या नावाच्या हाका ऐकल्या होत्या, त्यातला झेन्साकूचा आवाज ओळखला असणार. माणसं त्या उतारावर झुडूप न झुडूप धुंडाळताना दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर होती. तो ओरडला असेल, पण तेही ओरडत होते. आणि ती माणसं चुकीच्या डोंगरावर का आली आहेत, हे काकेझावात त्या वेळी एकट्या त्याला ठाऊक होतं. बायकोने त्याला वाचवायला तोंड उघडलं होतं, आणि त्याने तिला जे पढवलं होतं तेच ती बोलली होती. एवढं कळून घ्यायला त्याच्यापाशी एक पूर्ण दिवस होता. भाताचा अर्धा गोळा त्याने कुठल्या हिशेबाने राखून ठेवला असेल?

खूप वेळाने ती उतरून आली. झेन्साकूने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"फुटली नाही का अजून?"

"पुष्कळ फुटलीय."

"मग?"

"तुम्ही काढा."

"वहिनी, असं कसं? लोक काय म्हणतील?"

"तिथून कुमाने दिसतो, भावजी."

दोन दिवस त्या उतारावर शिट्टी झेन्साकूच फुंकत होता. त्याने टोपी काढली, परत घातली. मिसाओ त्याच्या शेजारी मुळावर बसली. पलीकडच्या कामगारांची जेवणाची शिट्टी झाली, अगदी जवळून झाल्यासारखी. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही.