बागेसमोरच्या घरातला मुलगा

ती घटना विसरावी असं पुष्कळदा वाटलं, पण आजही ती जशीच्या तशी आठवते. पन्नासच्या दशकात मी पिंपरीच्या चौकीत फौजदार होतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तेव्हा कॅम्पातल्या बराकींत राहायची. दोन बिऱ्हाडांमध्ये गोणपाटाचा पडदा, एवढाच आडोसा.

तिथं एक वयस्कर विधवा बाई होत्या. कराचीतल्या जुन्या, बड्या लोकांच्या वस्तीत त्यांचा बंगला होता. मधोमध मोठी बाग आणि बागेभोवती बंगले. दंगलीत त्यांचा सतरा वर्षांचा एकुलता मुलगा बेपत्ता झाला होता. पाण्याच्या रांगेतसुद्धा त्या बागेबद्दलच बोलत, म्हणून सगळे त्यांना ‘बागवाली अम्मा’ म्हणायचे. मोतीबिंदूमुळे त्यांना फारसं दिसत नव्हतं.

एक दिवस त्यांचा मुलगा परत आला. अम्मांनी बराकभर गूळ वाटला.

काही महिन्यांनी त्यांचे दीर चौकीत आले. “साहेब, तो आमचा पुतण्या नाही. भाभीला दिसत नाही, म्हणून कुणी तोतया घरात शिरलाय.”

सोडून आलेल्या घरांची भरपाई मिळणार होती आणि दिरांचा जीव त्या पैशांत अडकला होता, हे मला दिसत होतं. तरी तक्रार आली की चौकशी करणं भाग असतं. आधी बाहेर माहिती काढली. तो वीटभट्टीवर राबायचा आणि मजुरी अम्मांच्या हातात ठेवायचा. मग त्याला बोलावून घेतलं.

तोतया सहसा विचारण्याआधीच बोलू लागतो. हा खाली मान घालून बसला.

“बंगल्यात जिना कुठल्या बाजूला होता? देवघर?”

तो चाचरला. मग मी बागेचं विचारलं, तेव्हा मात्र खुलला. गुलाबांना पाणी कुठल्या चरातून जायचं, मेंदीचं कुंपण कधी छाटायचं, सगळं सांगू लागला.

“बंगल्यातली मुलं कुंपण छाटत नाहीत,” मी म्हणालो. “तू माळ्याचा ना?”

तो स्वच्छ मराठीत म्हणाला, “होय साहेब. वडील रत्नागिरीकडचे. माझा जन्म मात्र कराचीतलाच.”

मग त्याने जबाब दिला. “दंगेखोर मागे लागले म्हणून अम्मांचा मुलगा बागेत पळत आला. कारंज्यापाशी त्याला गाठलं. मी झुडपात होतो, हललो नाही. वडिलांनी आणि मी त्याला तिथंच मातीआड केलं. अम्मांना हे सांगायलाच आलो होतो, साहेब. दारात उभा राहून सिंधीत हाक मारली. त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि त्याचं नाव घेतलं. मग माझ्यानं बोलवेना.”

गुन्हा दाखल करण्यासारखं काहीच नव्हतं. पण दीर बाहेर बाकावर बसून ऐकत होते, आणि ते बराकीत जाऊन ओरडण्याआधी हे नीट सांगितलं जावं, म्हणून मी त्याला घेऊन अम्मांकडे गेलो.

त्याने सगळं सांगितलं. अम्मा रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “कुठं?”

“कारंज्यापाशी.”

“कारंजं माझ्या खिडकीतून दिसायचं,” अम्मा म्हणाल्या. “त्या दिवशी ओरडा ऐकला आणि मीच खिडक्या लावून घेतल्या.”

मग त्याला म्हणाल्या, “तू जा आता.”

तो त्याच दिवशी पिंपरी सोडून गेला. अम्मा पाण्याच्या रांगेत दिसेनाशा झाल्या. शेजारणी ताट नेऊन ठेवत, ते तसंच परत येई. पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. पवना नदीच्या काठावर दिरांनी अग्नी दिला.

पोलिसाला खरं शोधून काढायला शिकवतात. ते ज्याच्या पदरात पडणार त्याला पेलेल का, हे कुणी शिकवत नाही. शिकवलं असतं तरी त्या दिवशी मला दुसरं काय करता आलं असतं, हे अजून सुचलेलं नाही. वरिष्ठांनी मात्र तपास उत्तम झाला म्हणून शेरा दिला होता.