वारा फिरण्याआधी

उत्तरेच्या एका उंच पोस्टवर मी दोन हिवाळे हवामानाची वही ठेवली. रोज ०६०० वाजता तीन नोंदी: हवेचा दाब, वारा, ढग. शिकवणारे हवालदार करमसिंह. त्यांच्या शिकवणीत फ्रंट म्हणजे दोन हवांची सीमा. थंड, जड हवा जमिनीलगत पाचरीसारखी घुसते, उबदार, दमट हवेला वर उचलते आणि तिथे ढग उभे राहतात. ते म्हणत, "पहले सुई गिरती है, फिर हवा पलटती है. पलटने का इंतज़ार मत करना."

निवृत्तीनंतर रिसोडजवळच्या शेतावरही वही चालू आहे. यंदा मार्चमधल्या एका सकाळी वायुदाबमापकाचा काटा उतरलेला दिसला. दहाला आणखी खाली. वारा दक्षिणेचा, दमट. पश्चिमेला पिसांसारखे ढग.

शेजारच्या शेषरावांची उकडलेली हळद खळ्यावर वाळत होती. वर्षाचं सगळं पीक. मी धावतच गेलो.

"शेषराव, हळद गोळा करा. दुपारी गारपीट हाय!"

"ऊन तं खणखणीत हाय, फौजीभाऊ. तुमचं ते काट्याचं घड्याळ बिघडलं असन."

"नाही बिघडलं."

"अन् पाऊस नाही आला तं? ओली हळद झाकली की तिले बुरशी येते."

"नाही आला, तं सांजेले मी एकटा पसरून देतो."

त्यांच्या पत्नी शांताबाई फावडं घेऊन उठल्यासुद्धा. "भाऊ पसरून देतो म्हणते ना! आता काय लिहून घेता?"

मी कामं वाटली. उंचवट्यावर तीन ढीग. ताडपत्री. कडेनं दगड. १३४० ला वारा पडला. दहा मिनिटांत वायव्येकडून गार झोत आला.

"आहा, काय गारवा सुटला!" शेषराव घाम पुसत थांबले.

"हाच तो! दोर ओढा!"

शेवटचा दगड ठेवला आणि पत्र्यावर गारा ताडताड वाजू लागल्या. आम्ही तिघं गोठ्यात भिजून उभे. शेषराव ओरडले, "लय खरं चालते हो तुमचं घड्याळ!" शांताबाई हसत सुटल्या. मीही.

पोस्टवर एकदा काटा असाच पडला, तेव्हा आमचं सहा जणांचं गस्तीपथक बाहेर होतं. वायरलेस सेटवर करमसिंहांचा आवाज आला, "सब वापस. अभी." चौघे वेळेत पोहोचले. वादळात मागे राहिलेल्या दोघांना आणायला करमसिंह दोर घेऊन स्वतः निघाले. दोघे पोहोचले. ते नाही. त्या दोघांतला एक मी.

संध्याकाळी वही उघडली. गारपीट, १३५५. हळद कोरडी. निरीक्षकाच्या रकान्यात रोजच्यासारखं करमसिंहांचं नाव लिहिलं.