तळ्याचे आठ दिवस

तळं मी विकलं, असं गावात अजून बोललं जातं. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, माझा आवाज कसा चढतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नळाखाली हंडा लावताना बोलतात. तो नळ मी आणलेला आहे.

आमचं गाव वसईच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरातून ओहोळ यायचा आणि खाचरांमधून खाडीला मिळायचा. वाटेत एका अंगाला उथळ तळं होतं. भाताची कापणी उरकली की आठ दिवस ओहोळाचं पाणी तळ्याचं, ही जुनी रीत. बाबा ढेकळं आणि पेंढा रचून ओहोळाचं तोंड तळ्याकडे वळवायचे. त्या दिवसांत वालाचे वाफे सुकले तरी कोणी कुरकुरत नसे. नवव्या दिवशी बांध फोडायचा, मग पाणी भाजीला.

तळं भरत आलं की अडई बदकं यायची. आधी शीळ ऐकू यायची, मग थवा दिसायचा. कमळपक्षी लांबलांब बोटांनी पानांवरून चालायचे, जणू कोणाला जागं करायचं नाही. बाबा आणि मी बांधावर तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खात बसायचो. "आले बघ पावने," बाबा म्हणायचे, आणि उरलेली भाकरी खिशात ठेवून द्यायचे, उठायचेच नाहीत. शेतकरी माणूस, पण त्या दिवसांत त्यांना घाई नसायची.

मी शाळा सोडली, विटांच्या गाडीवर हमाली केली आणि नव्वदच्या दशकात माणिकपूरला विटा-रेतीचं स्वतःचं दुकान टाकलं. इमारती भराभर उठत होत्या. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्या इमारतींसाठी आमचा ओहोळ वरच अडवून पाइप टाकायचा बेत घेऊन एक साहेब आला, तेव्हा गावानं मलाच पुढे केलं. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली.

"घरटी एक नळ," मी म्हणालो.

"पाड्याला एक देऊ."

मी उठून चपला घातल्या. "चला रे घरी. साहेबांना तहान लागलेली दिसत नाही."

लोक खो खो हसले. साहेबानं मला हाताला धरून बसवलं. घरटी नळ मिळाला, शाळेपर्यंत डांबरी रस्ता मिळाला. मी हात पुढे केला, त्यानं तो दाबला.

"आणखी काही?" त्यानं सहज विचारलं.

मागून बाबांनी माझा सदरा ओढला. "आनि तळ्याचे आठ दिस?"

"बाबा, हात दिल्यावर मागायचं नसतं," मी दात आवळून पुटपुटलो. साहेबाला म्हटलं, "काही नाही."

पाइप टाकल्यावरच्या पहिल्या कापणीनंतर बाबांनी नेहमीसारखा बांध घातला. ओहोळात ओले दगड तेवढे होते. तरी ते रोज जाऊन बसले. चौथ्या दिवशी अडया आल्या. तळ्यावर दोन घिरट्या घातल्या आणि शीळ घालत खाडीकडे निघून गेल्या.

मी साहेबाच्या कचेरीत जाऊन टेबलावर मूठ आपटली. त्यानं शांतपणे करार काढून दाखवला. त्यात मी मागितलेलं सगळं होतं.

परतताना डोकं इतकं तापलं, की बांधकामावर जाणारा पाण्याचा टँकर मी तळ्यावर नेला.

"शेठ, इथे कोण राहतं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"ओत म्हटलं ना! आणि हे पाणी भरलंस कुठून?"

"वरून, तुमच्याच ओहोळावरून."

तळ्याच्या भेगांनी ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. उरलेल्या डबक्याशी एक ढोकरी बगळी येऊन उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही.

मी तळं विकलं नाही. मागायला विसरलो असंही नाही, मला तर आठवण करून दिली होती. हे गावाला ठाऊक नाही. ठाऊक होतं ते एका माणसाला, आणि त्यानं ते कधी कोणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाबा कुदळ घेऊन गेले आणि रीतीप्रमाणे त्यांनी बांध फोडला. पेंढा कोरडाच होता. ढेकळं त्यांनी एकेक उचलून बाजूला ठेवली, पाण्याला वाट करून देतात तशी.